कढीपत्त्याच्या आळ्यातली गोरखचिंच

आईच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना, त्या उन्हाळ्यात पिशोरहून मामा पिशवीभर गोरखचिंचेची फळं घेऊन आले. दुधीसारखी लांबट, वरून मखमली लव. फरशीवर आपटून फोडली की आत बियांना घट्ट चिकटलेला पांढरा, कोरडा गर. जिभेवर आधी पिठूळ लागतो, मग आंबट. मामांच्या बांधावर ते अवाढव्य झाड होतं. गावात त्याच्या सालीच्या दोऱ्या वळत, कोवळ्या पाल्याची भाजी करत, पोरं बिया भाजून खात. पोट बिघडलं की आधी ह्या गराचं पाणी आणि मग डॉक्टर. आमच्याकडे उलटं झालं. डॉक्टर करून झाले, ते नुसतं "बघू या" म्हणू लागले, तेव्हा गूळ घालून ते पाणी आईला दिलं. आणि ते ठरलं.

त्यानं आजार बरा होणार नव्हता, हे मला कळत होतं. पण दुपारी वाटीभर पिऊन ती भिंतीला टेकून बसायची, चार शब्द बोलायची. एवढ्यानं वडील हरखून गेले. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेला आणि पोलीस ॲक्शननंतर मराठीत कारकुनी केलेला हा माणूस. त्यांना प्रत्येक गोष्टीचा पक्का बंदोबस्त लागायचा. त्यांनी जाहीर केलं, "दर खेपेला पिशोरला कशाला हात पसरायचा? झाड दारातच लावू."

पुंडलिकनगरातलं आमचं अंगण एक बाज मावेल एवढं, आणि ह्या झाडाचं खोड कवेत घ्यायला पाच-सहा माणसं लागतात. मी चिडले. "बाबा, त्याला फळ धरेस्तोवर माणसाचं आयुष्य सरतं!"

"सरू दे की," ते म्हणाले. "आपल्याला कुठं घाई हाय?"

घाई आईला होती. तिनं ठेवणीतली लुगडी वाटून टाकली. यंदा लोणचं थोडंच घाल, तुम्ही दोघंच खाणार, असं मला बजावलं. पावसाळ्यानंतरची कुठलीच गोष्ट ती बोलत नसे. एक निघायच्या तयारीत, तर दुसऱ्याचे पन्नास वर्षांचे बेत. मला दोघांचाही राग यायचा, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडूही यायचं.

वडिलांनी चिंचोके पेरतात तशाच ह्या बिया कुंड्यांत पेरल्या. नावात चिंच आहे म्हणजे चिंचेसारखीच उगवणार, हा त्यांचा हिशेब. गोरखचिंचेच्या पानाला हातासारखी पाच बोटं असतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. तेव्हा पाच बोटांचं नाही ते सगळं तण, दिसलं की उपटायचं. कुंड्या अगदी स्वच्छ राहिल्या. गर सुटावा म्हणून मी मात्र बियांवर कढत पाणी ओतायची, पाणी गाळून घ्यायची आणि उरलेल्या बिया कढीपत्त्याच्या आळ्यात फेकून द्यायची.

एका सकाळी त्या आळ्यात त्यांना एक रोप दिसलं. पानं साधी, एकेरी. हात सवयीनं गेला आणि त्यांनी ते ओढलं. वर वीतभर काडी, खाली मुळ्यासारखं जाड, पांढरं मूळ, तेही मधोमध तुटलेलं. मुळाच्या मातीत गोरखचिंचेच्या बीचं टरफल अडकलं होतं. ह्या बीचं कठीण टरफल कढत पाण्यानं मऊ पडल्यावरच ती उगवते, आणि लहानपणी ह्या झाडाला एकेरीच पानं असतात, बोटं मागाहून फुटतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक असणार?

वडील रोप हातात घेऊन मटकन पायरीवर बसले. "मीच उपटलं गं," एवढंच म्हणाले आणि पोरासारखे रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

भिंतीला धरत धरत आई बाहेर आली. 'जाऊ द्या' म्हणेल असं मला वाटलं. तिनं ते रोप त्यांच्या हातातून घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"अवो, रडताय काय? बी उगवतंय, हे तर कळलं नव्हं? भावाला सांगावा धाडा, आणखी फळं आण म्हणावं." मग पायरीवर त्यांच्या शेजारी टेकत म्हणाली, "आन् ह्या खेपेला तुमच्यावर सोडायचं नाय. बोटं फुटेस्तोवर मीच राखणीला बसते."