आठशे कार्डं

रामदासपेठेतल्या कॉम्प्युटर सेंटरच्या पायऱ्यांवर माझ्या हातातला डबा निसटला आणि संशोधनाच्या प्रोग्रामची, नंबर घातलेली आठशे पंचकार्डं विखुरली. क्रम चुकला की प्रोग्राम चालणार नव्हता. मशीनवर माझी पाळी अर्ध्या तासानं होती. ती हुकली की पुढची आठवड्यानं. मी रडकुंडीला येऊन एकेक नंबर शोधू लागले.

खाकी शर्टातला एक माणूस सायकल उभी करून शेजारी उकिडवा बसला.

“एकाएका कार्डामांगं काहून धावता, ताई? पहिले शेकड्याचे ढीग करा, मग दहाचे. मले रोज रेल्वेत टपाल गावागावानं छाटाले लागते. चिठ्ठ्या शंभर असो का लाख, रीत एकच.”

सवयीनं त्यानं अंगठा जिभेला लावला.

“ओलं नको, मशीन अडकेल!” मी ओरडले.

हसून त्यानं अंगठा पँटला पुसला. मग त्याचे हात असे सुटले की मला नुसती कार्डं उडताना दिसत होती.

वेळेआधी गठ्ठा तयार! मी आत धावले, मशीननं खडखडत कार्डं गिळली आणि महिनाभर अडलेलं उत्तर कागदावर उतरलं. ते त्याला दाखवायला मी जवळजवळ नाचतच बाहेर आले. तो निघून गेला होता.

माझ्या प्रबंधातले पहिले आभार त्याचेच आहेत. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.