तलवाडा ते अंबाजोगाई: गाडी बंद, सल्ले चालू

जुन्या गाडीतून बीड जिल्ह्यात फिरायला निघणार असाल तर पाणी, जॅक आणि स्टेपनी सोबत ठेवा. सल्ले ठेवू नका. ते रस्त्यात फुकट मिळतात, आणि नको म्हटलं तरी मिळतात.

मी निघाले ती धाकट्या बहिणीसाठी. रेखा तलवाड्याला दिलेली आहे. लग्नाआधी तिनं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता, तो इतकी वर्षं संसाराच्या तळाशी पडून होता. अंबाजोगाईच्या एका खाजगी दवाखान्यानं तिला बोलावलं आणि हजर व्हायची मुदत दिली. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, हे म्हणतेत गाडीची सोय होईना. तू येतीस का?"

तलवाड्यात दाजींच्या ओळखीच्या इतक्या गाड्या आहेत की निवडणुकीत रस्ता अडतो. बायकोच्या नोकरीसाठी मात्र एकही मिळेना. मी म्हटलं, येते.

माझी गाडी कार्बोरेटरच्या जमान्यातली. संभाजीनगरच्या घरापासून गेवराईपर्यंत महामार्ग चौपदरी आणि उत्तम. पाचोडच्या पुढे गाडीनं दोनतीन आचके दिले, पण लगेच सावरली. गेवराईत पेट्रोल टाकलं आणि पोहे खाल्ले. पोह्यांवर रस्सा ओतून देतात, तो नको असेल तर आधीच सांगा. तिथून आत तलवाड्याचा रस्ता अरुंद आहे आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की तो फक्त ट्रॅक्टरचा असतो.

रेखा बॅग घेऊन दारात तयार होती. दाजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खुर्चीवर. मला वाटलं निरोप द्यायला बसलेत. ते उठले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "बायामाणसांना एवढ्या लांब एकटं कसं सोडावं, ताई?"

बायामाणसं दोन होती, पण एकटी. गाडी मी चालवणार होते, तरी सोडणारे ते. असो.

गेवराई सोडून बीडच्या रस्त्याला लागलो आणि थोड्या अंतरावर गाडीनं मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी मरगळायची. कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली, सेल्फ खणखणीत फिरत होता, इंजिन मात्र पकडत नव्हतं.

"बॅटरी बसली," दाजी म्हणाले.

"दाजी, बॅटरी बसली असती तर सेल्फ असा फिरला असता का?"

"तुमी नका सांगू. आमच्या ट्रॅक्टरचं असंच झाल्तं."

मी हेडलाइट लावून दाखवले. लख्ख. दाजींनी तिकडे पाहिलंच नाही, कारण तोवर त्यांनी हात करून दोन मोटारसायकली थांबवल्या होत्या. चार जण जमले आणि चार निदानं झाली. एकाचं मत बॅटरी, दुसऱ्याचं कॉइल. तिसरा म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी. चौथ्यानं गाडीकडे बघून फक्त विचारलं, "इकता का?" मग सगळ्यांनी धक्का मारायचं ठरवलं. एकदा मारला, काही नाही. दुसऱ्यांदा मारला, काही नाही. सगळे घाम पुसत, तंबाखू मळत झाडाखाली बसले. अर्ध्या तासानं तिसरा धक्का बसला आणि गाडी सुरू झाली.

"बघा!" दाजी म्हणाले. "बॅटरीच व्हती."

गाडी धक्क्यानं सुरू झाली, की मध्ये अर्धा तास गेला म्हणून, हा प्रश्न त्या चौघांपैकी कुणालाच पडला नाही. खरं तर तेव्हा मलाही पडला नव्हता.

बीडमध्ये मी हट्टानं गॅरेज गाठलं. मेकॅनिक इस्माईलभाईंनी बॅटरी तपासून "चांगली हाय" म्हणून सोडून दिली, तेव्हा दाजींना एकदम फोन आला आणि ते लांब गेले. इस्माईलभाईंनी प्लगची वायर काढून ठिणगी बघितली, ती निळी आणि ठणठणीत. मग टाकीच्या झाकणाची किल्ली मागितली, झाकण उघडून आत नजर टाकली, पेट्रोल भरपूर. शेवटी कार्बोरेटर खोलून साफ केला.

"ताई, गाडी तर चालू झाली," ते हात पुसत म्हणाले. "पण खरं सांगू का, कचरा काई लई निघाला न्हाई. पंपावर माझा शक हाय. टाइम असंल तर खोलतो."

टाइम तेवढा नव्हता. मी रेखाला शोधायला वळले. ती गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी होती आणि भिंतीपलीकडे दाजी फोनवर बोलत होते, "आज काई जमत न्हाई वाटतं. गाडीच तशी हाय. येतो संध्याकाळपर्यंत दोघंबी माघारी."

रेखानं माझ्याकडे पाहिलं. मग जाऊन गाडीत बसली. पुढच्या सीटवर.

मांजरसुंब्याचा घाट गाडीनं तक्रार न करता चढला. तिथून केजकडे वळलं की रस्ता दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून जातो आणि हंगामात जागोजागी सीताफळाच्या पाट्या दिसतात. घ्यायची तर नेकनूरच्या आसपास घ्या, पण डोळे उघडलेलीच घ्या, नाहीतर घरी दगड येतील. मला थांबायला वेळ नव्हता. गाडीला मात्र होता. नेकनूर मागे पडलं, पुन्हा तेच आचके, पुन्हा तीच मरगळ, आणि बंद.

आता ऊन कलायला लागलं होतं. दाजी मागून उतरले ते प्रसन्न चेहऱ्यानं. "मी पैल्यापासून सांगतोय, ही गाडी न्हाई पोचत. माझा एक दोस्त हाय, त्याचा टेम्पो बोलवतो. गाडी बांधून तलवाड्याला नेऊ."

"अंबाजोगाई पुढं हाय," रेखा म्हणाली. "माघारी कावून वढायची?"

"मंग आता चालत जातीस का?"

रेखानं डिकी उघडली, बॅग काढली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन केजकडे जाणाऱ्या एसटीसाठी उभी राहिली. एसटी दिसायच्या आधीच तिनं हात वर धरला होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तिला दाजींकडे पाठ करून उभी राहिलेली पहिल्यांदा पाहत होते.

मला रडू आलं असतं, पण त्याआधी राग आला. मी बॉनेट उघडलं. ठिणगी आहे, बॅटरी आहे, कार्बोरेटर धुतलेला आहे. पेट्रोलच्या नळीवरच्या पारदर्शक फिल्टरकडे पाहिलं, तर तो कोरडा. म्हणजे टाकीत पेट्रोल आहे, पण ते इंजिनापर्यंत पोचत नाही. पंप गेला असता तर गाडी घाट कशी चढली? बंद पडून अर्ध्या तासानं आपोआप बरी होते. आणि गेवराईत पेट्रोल टाकल्यावर नीट चालली, बीडला झाकण उघडल्यावर नीट चालली...

झाकण! जुन्याचं कुलूप बिघडलं म्हणून आठवड्यापूर्वीच मी नवीन बसवलं होतं. "सगळ्या गाड्यांना चालतं," असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. जुन्या गाडीच्या झाकणाला हवा आत जायला वाट लागते. पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीच उलटी ओढायला लागते. शहरात चारदोन किलोमीटरला हे कळत नाही.

मी किल्ली लावून झाकण फिरवलं. टाकीनं मोठ्ठा सुस्कारा सोडला. फुस्स! रस्त्यापलीकडच्या सीताफळवाल्या बाईनंही वळून पाहिलं.

सेल्फ मारला. फिल्टरमध्ये पेट्रोल चढलं आणि इंजिन पकडलं.

"रेखा, बस!"

दाजी अजून फोन कानाला लावून उभे होते. "ताई, हे तात्पुरतं हाय. पुन्ना बंद पडंल."

"पडली तर पुन्हा उघडू. तुम्ही येताय का टेम्पोची वाट बघताय?"

ते आले. झाकण मी थोडं सैल ठेवलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर असं करू नका, वळणावर पेट्रोल सांडेल आणि आगीशी खेळ होईल. केज मागे पडल्यावर दाजी मागून हळूच म्हणाले, "ती तिकडं गेली की माघारी यायची न्हाई, ताई."

दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं निदान, ज्यात काही तथ्य असू शकत होतं. उत्तर रेखानं दिलं, मान न वळवता. "सुट्टीला यीन की. तुमी गाडीची सोय करा म्हंजी झालं."

अंबाजोगाईला पोचलो तेव्हा दवाखान्याचं ऑफिस उघडं होतं. ज्या मुदतीसाठी आम्ही जीव टाकला, ती बघणारा कारकून चहाला गेलेला. परत आला, कागद पाहिले, जांभई दिली आणि म्हणाला, "उद्या आठला या ड्युटीला." बस्स. रेखा बाहेर आली आणि पायरीवर बसून हमसाहमशी रडली. दाजी दोन पायऱ्या खाली उभे होते. काय करावं न कळून त्यांनी तिची बॅग उचलून घेतली. बॅग त्यांनी धरलेली मी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

दाजींनी तलवाड्याची वाट एसटीनं धरली. मी रेखाजवळ राहिले, सकाळी योगेश्वरीचं दर्शन घेतलं, तिला ड्युटीवर सोडलं आणि त्याच रस्त्यानं परतले. बीडला इस्माईलभाईंकडे थांबून हवा घेणारं योग्य झाकण बसवून घेतलं.

घरी आल्यावर वाटलं होतं, आचके आणि सल्ले तेवढे लक्षात राहतील. पण महिनाभरानं तलवाड्याहून आलेल्या एका नातेवाइकानं सांगितलं की दाजी पारावर बसून बायकोच्या नोकरीची गोष्ट रंगवून सांगतात. गाडी घाटात बंद पडली, सगळ्यांनी हात टेकले, शेवटी दोष यांनीच शोधला. आणि बायकोनं नोकरी करावी ही इच्छा तर म्हणे पहिल्यापासून यांचीच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच रेखाला फोन लावला. ती आधी पोटभर हसली.

"सांगू दे की, ताई. आता चारचौघांत बोलून बसलेत. माघारी ये म्हणायला त्यांना तोंड राह्यलं न्हाई."