धुण्याच्या पाण्यावरचा चमकुरा

पुण्याकडची माणसं ज्याला अळू म्हणतात, त्याला आमच्याकडे चमकुरा म्हणतात. कडा गावाच्या पुढे आत गेलं की आमचं गाव लागतं. भर वैशाखात या गावात हिरव्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी असतात. एक ग्रामपंचायतीचं दार आणि दुसरा भामाबाईंच्या न्हाणीमागचा चमकुरा. त्यातल्या दाराचा रंग उडालाय.

भामाबाई म्हणजे बंकटरावांच्या मंडळी. बंकटराव शेळ्या-मेंढ्या राखतात आणि भामाबाई बंकटरावांना राखतात. यात जास्त पळापळ कोणाची होते, हे विचारू नये. स्वतःचं कौतुक करायला भामाबाईंना दुसरं माणूस लागत नाही, पण त्या खोटं कौतुक कधी करत नाहीत. चमकुरा खरोखरच तसा होता. पान सुपाएवढं आणि देठ काळसर. न्हाणीतून आणि धुण्याच्या दगडावरून निघालेली नाली थेट त्याच्या बुडाशी जायची. झाडाला चांगलं पाणी घालायचं नाही, हा भामाबाईंचा कायदा होता. टँकर आला तर आला, अशा गावात तो पटण्यासारखाच आहे. पाण्यानं आधी घरात काम करायचं, मग झाडाकडं जायचं. दगडावर साबण नावाला आणि बडवणं जोरात, त्यामुळं धुण्याचं पाणीही तसं सोज्वळच असायचं.

याच चमकुऱ्याच्या जोरावर त्या गेवराईला आपल्या विहिणीसमोर बोलून बसल्या. लेक धनश्री तिकडं दिलेली. तिच्या सासूबाई, जानकीबाई, गोदावरीकाठच्या. पाण्याचा विषय निघाला की नदी आपल्याच माहेराहून आणल्यासारख्या बोलतात.

"ईनबाई, तुमच्याकडं म्हणं प्यायला पानी न्हाई," जानकीबाई म्हणाल्या.

"प्यायला नसंल. चमकुऱ्याला हाय," भामाबाई म्हणाल्या. "औंदा धोंड्याच्या महिन्यात या की जावईबापूंसंगं. भर उन्हाळ्यात ताज्या पानाच्या वड्या वाढते."

"बगू," जानकीबाई म्हणाल्या. विहिणीच्या तोंडचं 'बगू' फार जड असतं.

दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो, तो आमच्याकडं धोंड्याचा महिना. लेकी-जावयाला बोलवायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. यंदा तो नेमका उन्हातच आला. भामाबाईंना त्याची काळजी नव्हती. चमकुरा होता ना.

मग मशीन आलं. साखर कारखान्यात कामाला असलेल्या हरिओमनं, म्हणजे मुलानं, कपडे धुवायचं मशीन आणलं. भामाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि अर्धं गाव बोलावून झाकण उघडून दाखवलं. मशीनचा पाइप अर्थातच नालीत सोडला. सून संगीता धुणं लावायची आणि भामाबाई शेजारी उभ्या राहून फेस बघायच्या.

"टाक अजून पावडर. कंजूषी कावून करतीस?"

"आत्या, पुरे झाली की."

"फेस वर आला पाहिजे. लोकं बघायला येत्यात."

थोड्याच दिवसांत चमकुऱ्याच्या पानांच्या कडा पापड भाजल्यासारख्या दिसायला लागल्या. मग पानं पिवळी पडून माना टाकू लागली. भामाबाईंनी निदान केलं : नजर. नालीजवळ उभ्या राहून शेजारच्या तुळजाबाई "केवढं गं बाई पान" असं म्हणाल्या होत्या, हे त्यांना बरोबर आठवलं. त्यांनी चमकुऱ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या आणि तुळजाबाईंशी बोलणं टाकलं. चमकुऱ्याला दोन्हीचा उपयोग झाला नाही.

मग दुसरं निदान : तहान. ऊन केवढं पडलंय. पण चांगलं पाणी झाडाला घालायचं नाही हा कायदा, आणि कायदा स्वतःचाच असल्यामुळं मोडताही येईना. मग त्यांनी असा मार्ग काढला, की धुण्याचंच पाणी वाढवायचं. घरातले मळके कपडे संपले तेव्हा त्यांनी धुतलेले धुवायला काढले. उशीची खोळ, दाराचा पडदा, घडी न मोडलेलं लुगडं, सगळं मशीनमध्ये. त्यात एकदा बंकटरावांचा लाल फेटा पडला आणि हरिओमची बनियनं गुलाबी झाली. तो ती घालून कारखान्यात गेला नाही, एवढंच.

चमकुरा मात्र जितका प्यायचा तितका वाळायचा.

एका दुपारी बंकटराव रानातून शेळ्या घेऊन परत आले, तर त्यांची घरातली दोन्ही धोतरं धुण्यात. एक मशीनमध्ये फिरतंय, दुसरं दोरीवर. अंगावरचं घामानं भिजलेलं बायकोनं दारातच मागून घेतलं. घरात कोरडी राहिलेली एकच गोष्ट होती, घोंगडी. तीच गुंडाळून, जेठातल्या उन्हात, बंकटराव न्हाणीमागच्या भिंतीच्या सावलीत बसले. रस्त्यानं जाणारे राम राम घालून काहीच न विचारता पुढं जायचे. विचारणार तरी काय.

बसल्या बसल्या त्यांनी पाहिलं, तहानलेली शेळी नालीपाशी आली, तिनं वास घेतला आणि तोंड फिरवून निघून गेली. हीच शेळी पूर्वी त्याच नालीतून मागं हाकलेपर्यंत प्यायची.

"ये इकडं," त्यांनी भामाबाईंना हाक मारली. "माजी शेळी तोंड लावंना, ते पानी तू चमकुऱ्याला पाजतीस."

"तहानलंय ते."

"झाडाला घागर घालायची म्हणलं तर पाप, अन् धुतलेलं धुयाला घागरी वतायच्या ते पुन्य?"

भामाबाई उत्तराऐवजी दोरीवरचं धोतर सारखं करू लागल्या. हे फार क्वचित घडतं, म्हणून बंकटरावांनी संधी सोडली नाही. अंगावरच्या घोंगडीचं टोक त्यांनी पुढं केलं.

"हिला कवा पावडर लावलीस का?"

"घोंगडीला? लोकरीचा जीव जाईल की. घोंगडीला रिठाच लागतो, तुमच्या आईनंच शिकीवलंय."

"मग चमकुऱ्याचा जीव काय लोखंडाचा हाय?"

भामाबाई नालीकडं बघत राहिल्या. पांढरा फेस वाळून कडेला पापुद्रा धरला होता. "मीच म्हणत हुते, टाक अजून," त्या हळू म्हणाल्या. आणि एकदम मूळ दुखण्यावर आल्या. "जानकीबाई येणार हायती. आता काय वाढू त्यांना, मशीन?"

त्याच दिवसापासून काम सुरू झालं. जळकी पानं बुडापासून कापली. मातीतली पावडर धुवून काढायला भरपूर पाणी हवं होतं, आणि कायदाही पाळायचा होता. तो प्रश्न बंकटरावांनी सोडवला. रोज सकाळी ते चमकुऱ्याच्या वाफ्यातच उभे राहून, बिनसाबणाची अंघोळ करू लागले. पाण्यानं आधी काम केलं, मग ते झाडाला गेलं. गावानं हा सोहळा मन लावून पाहिला.

मशीन बंद करायचं नाही, यावर संगीता ठाम होती आणि भामाबाई तिच्याहून ठाम होत्या. हार घातलेलं यंत्र होतं ते. घोंगडीसाठी ठेवलेले रिठे संगीतानं फोडले, बिया काढल्या, सालं हरिओमच्या जुन्या पायमोज्यात बांधली आणि तो मोजा कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला. रोज थोडंथोडं धुणं लावायचं तेही थांबलं. मशीन भरलं की मगच ते फिरायचं.

"आत्या, फेसच न्हाई येत. अन् वास बी न्हाई."

"कापडाला कापडाचा वास यावा. बाग लावायचीय का अंगावर?"

कपडे निघाले स्वच्छ. फक्त हरिओमच्या कामाच्या कपड्यांवरचं ग्रीस रिठ्याला दाद देईना. त्यांना दगडावर साबण लावायचा आणि ते पाणी नालीत न सोडता रस्त्यावरच्या धुळीवर मारायचं, असं ठरलं. शेळी मात्र पुन्हा नालीवर यायला लागली. पहिल्यांदा तिनं पाणी प्यायलं तेव्हा भामाबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेळीला कधी एवढा मान मिळाला नव्हता.

चमकुऱ्यानं गुंडाळलेली कोवळी पानं वर काढली. सुपाएवढी नव्हती, तळहाताहून थोडी मोठी. भामाबाई रोज त्यांच्यासमोर उकिडव्या बसून बोटानं मापायच्या.

धोंड्याच्या जेवणाला जावई रामप्रसाद आले, धनश्री आली आणि त्यांच्यामागून जीपमधून जानकीबाई उतरल्या. हातात पिशवी. पिशवीत चमकुरा.

"म्हणलं, असावा जवळ. पाव्हण्याचं जेवण अडायला नको," त्या म्हणाल्या.

वड्या कधी होणार म्हणून अंगणात थांबलेल्या आम्हा शेजाऱ्यांना घाम फुटला. भामाबाईंनी पिशवीत पाहिलं. गेवराईहून इथपर्यंतच्या उन्हात पानांनी पार मान टाकली होती.

"दमला वाटतं बिचारा," त्या म्हणाल्या. "या, आमचा बघा." आणि विहिणीचा हात धरून न्हाणीमागं नेलं. चारी बाजूंनी रखरखीत जमीन आणि मध्ये तो ओला हिरवा वाफा. जानकीबाईंनी वाकून एक पान उलटून पाहिलं.

वड्या लहान झाल्या, पण खमंग झाल्या. रामप्रसादनं धोंडा बाजूला सारून आधी वडीच उचलली. जानकीबाईंनी एक खाल्ली, थांबल्या, दुसरी घेतली.

"घसा धरत न्हाई. लई कवळी पानं," त्या म्हणाल्या. "पानी कुठलं घालता?"

"धुण्याचं."

जानकीबाईंचा हात वडीसह हवेत राहिला. मग संगीतानं तो पायमोजा आणून दाखवला, तेव्हा हात आणखी वर गेला. सगळं ऐकून झाल्यावर त्या वडी खाऊन शांतपणे म्हणाल्या, "आमच्या न्हाणीमागं बी हुता चमकुरा. गेला दोन वर्सामागं. हा मी बाजारातून आणलाय. पोरं म्हणली, जागा बाधली. आमच्या बी मशीनचं पानी तिकडंच जातं."

एवढी मोठी नदी शेजारी असलेल्या बाईनं हे आमच्या कोरड्या गावात बसून सांगितलं. भामाबाईंनी टोमणा मारला नाही. जिंकलेल्या माणसाला तेवढं परवडतं. निघताना त्यांनी विहिणीची ओटी भरली. खण, नारळ, त्यावर मातीसकट चमकुऱ्याचा कांदा आणि ओंजळभर रिठे.

पहिल्या घाण्यातल्या चार वड्या त्यांनी आधीच तुळजाबाईंकडं स्वतः नेऊन दिल्या होत्या. "तुमची नजर नव्हती बरं का," असं सांगून. आपल्या नजरेवर आळ होता हे तुळजाबाईंना तेव्हाच कळलं.

गेवराईच्या पिशवीतल्या चमकुऱ्याची दुसऱ्या दिवशी पातळ भाजी झाली. कशी झाली, असं आम्ही भामाबाईंना विचारलं.

"बरी हुती की," त्या म्हणाल्या. "बिनाधुण्याच्या पाण्याची हुती, त्या मानानं लईच बरी."