हिरव्या ठिपक्याचं पाणी

माझा धाकटा भाऊ शहराच्या कंट्रोल रूममध्ये साहेब आहे. साहेब म्हणजे काय करतो, तर भिंतभर लावलेल्या पडद्यांवर शहर बघत बसतो. खऱ्या शहरातून जाताना मात्र गाडीची काच खाली करत नाही. लहानपणापासून त्याला घाणीचं वावडं. जेवताना माशी बसली की ताट सरकवायचा, आणि ते मग मला संपवावं लागायचं. अशा माणसाच्या हाती शहराचं पाणी दिलंय, यावर हसावं की रडावं ते मला कळत नाही.

आता आमच्या नळाबद्दल सांगते. पाणी यायच्या आधी वास येतो. गटाराचा, दुसरा कसला नाही. मग पिवळट धार, तिच्यात काळे तंतू, आणि बादली भरली की वर फेसाची साय. याच पाण्याने मी बाबांचे कपडे धुते आणि वाळल्यावरही ते नाकापासून लांब धरते. शेजारचा शिंपी म्हणतो, "ताई, इस्त्री फिरवली की वास जास्तच उठतो."

सगळ्या गल्लीने महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रारी केल्या. मी तर रोज करायचे. तक्रार गेली रे गेली की फोन वाजायचा: 'पाण्याचा दर्जा योग्य आहे. तक्रार निकाली.' मला वाटायचं, पलीकडे भूतबीत बसलंय की काय! भूत कसलं, माझाच भाऊ. त्याने टाकीच्या तोंडाशी सेन्सर बसवलाय आणि कॉम्प्युटरला सांगून ठेवलंय की सेन्सर हिरवा असेल तर त्या भागातली पाण्याची तक्रार आपोआप बंद कर. टाकीपाशी पाणी स्वच्छच असतं. पुढे आमच्याकडे येताना ते फुटक्या पाइपातून गटाराची गळाभेट घेतं, आणि तिथे ना सेन्सर असतो ना साहेब. पाण्याची एकही तक्रार शिल्लक नाही म्हणून त्याचा सत्कारसुद्धा झाला.

हेही मी एकवेळ गिळलं असतं. पण बाबांचं काय करू? जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस, आणि आता मुलाने शहर खिशात आणून दिलंय म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवतो. त्याच अ‍ॅपच्या नकाशात आमच्या गल्लीवर टपोरा हिरवा ठिपका, म्हणजे पाणी चांगलं. मी पाणी उकळून ठेवलं तर हात लावत नाहीत.

"गॅस कशाला जाळतेस? ठिपका बघ की."

"बाबा, वास बघा आधी."

"वास तुझ्या नाकाला येतो, यंत्राला येत नाही. यंत्राला काय तुझ्या भावाचा हेवा आहे?"

मग व्हायचं तेच झालं. बाबांचं पोट बिघडलं, सलाईन लावावं लागलं. घरी आणले तेव्हा नुसता सापळा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "तेच पाणी पुन्हा पोटात गेलं तर या वयात टिकणार नाहीत." आणि बाबा पलंगावर बसताक्षणी म्हणतात, "नळाचं दे गं, ताजं."

मी तडक कंट्रोल रूम गाठली. थंडगार खोली, चपला बाहेर काढायच्या, हवेत सुगंधी फवारा. भावाने मला कोपऱ्यात ओढलं.

"ताई, हळू बोल. सेन्सर बरोबर आहे."

"सेन्सरला नाही रे, बाबांना हगवण लागलीय."

"पाइप माझ्याकडे नाही, तो दुसऱ्या खात्याचा."

"पाइप राहू दे. तू घरी ये आणि बाबांना एवढंच सांग की तो ठिपका टाकीचा आहे, नळाचा नाही. माझं ऐकत नाहीत ते. तुझं ऐकतील."

तो नखं बघत राहिला. मग म्हणाला, "असं कसं सांगू? त्यांना काय वाटेल माझ्याबद्दल?"

बाप अंथरुणाला खिळलाय आणि याला स्वतःच्या इभ्रतीची पडलीय! नळाच्या वासाने आली नव्हती इतकी किळस मला माझ्या सख्ख्या भावाची आली. "आत्ता आला नाहीस तर मग खांदा द्यायलाच ये," म्हणाले आणि चपला घातल्या.

आला. नाकावरचा रुमाल दारात घाईने खिशात कोंबला. त्याला बघून बाबांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. नळाला नुकतंच पाणी सुटलं होतं. मी अडवायच्या आत ते भिंतीला धरत मोरीपर्यंत गेले आणि पेला भरून त्याच्यापुढे धरला.

"घे. उन्हातून आलायस."

त्याने पेला घेतला. सवयीने फोनकडे पाहिलं. ठिपका हिरवाच. पेला तोंडाशी नेला आणि तिथेच थांबला.

"नको बाबा. तहान नाही."

"एक घोट घे. तुझंच पाणी आहे."

"खरंच नाही हो तहान," म्हणत त्याने पेला खाली ठेवला आणि बोटं पँटला पुसली.

बाबा त्या बोटांकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, आता तरी तोंड उघड मेल्या! त्याने मूग गिळले ते गिळलेच.

शेवटी बाबा माझ्याकडे वळले. "पोरी, उकळलेलं आण. दोघांना."

मी दोन पेले आणले. बाबांनी आपला नुसता हातात धरून ठेवला. तहान नसलेल्या माझ्या भावाने त्याचा एका दमात संपवला.