मशीनवरची गुळगुळीत शीट

वहिनीची आई सटाण्याला वारली, तेव्हा तिच्या लुगड्यांची लेकींमध्ये वाटणी झाली. मोठ्या बहिणींनी धड लुगडी घेतली. वहिनीनं विरलेली मागून घेतली. विरलेल्या कापडाची गोधडी मऊ होते, आणि तिला आईची गोधडी करायची होती. परतताना एसटीत जागा असूनही तिनं ते गाठोडं नाशिकपर्यंत मांडीवरच ठेवलं, असं दादा सांगायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नाशिकजवळ अंबडला प्लास्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. मी वर्तमानपत्रात रात्रपाळीला. दुपारी घरी असायचो, म्हणून पुढचं बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

गोधडी साधारणपणे हातानं घालतात, सरळ धावदोऱ्यात. वहिनीनं लग्नाआधी मशीनवरच्या भरतकामाचा क्लास केला होता. त्या कामात सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय काढून टाकतात. कापड पुढे सरकवणारे खालचे दातेही झाकतात. मग सुई जागच्या जागी वरखाली होत राहते आणि कापड दोन्ही हातांनी हवं तसं फिरवावं लागतं. टाका लहान पडणार की मोठा, हे पायडलवरचा पाय आणि कापडावरचा हात यांच्या मेळावर ठरतं. अख्खी गोधडी याच पद्धतीनं शिवायची, असं तिनं ठरवलं. नक्षी तिची स्वतःची होती: आडवा चिरलेला कांदा. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक, आणि दोरा न तोडता तिथून शेजारच्या कांद्यात. तिच्या आईचा जन्म कांद्याच्या शेतात गेला होता.

"लोक मोर काढतात, कमळ काढतात," दादा म्हणाला. "आमच्याकडे कांदा. पांघरली की डोळ्यांतून पाणी."

"तुम्ही नका पांघरू. तुम्हाला कंपनीचं प्लास्टिक आहे की."

पहिली ओळ झाली तेव्हा वहिनी गोधडीचं टोक माझ्याकडे फेकत म्हणाली, "भाऊजी, बघा. तुमच्या पेपरात येते का अशी सरळ ओळ?" टाके एकसारखे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे.

तिसऱ्या ओळीपासून ती म्हणू लागली, "कापड जड झालंय." हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. लुगड्यांचे पाच थर, शिवलेला भाग एकीकडे गुंडाळलेला, उरलेला टेबलावरून खाली लोंबणारा. दादानं मशीनला तेल दिलं, पट्टा बदलला, लोंबणाऱ्या भागाखाली स्टूल ठेवलं. तिनं मशीनच्या पाटावर टाल्कम पावडर भुरभुरून पाहिली. चार दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. कापड हलत नाही, अडकतं. दोष मशीनमध्ये शोधला जात होता.

मग दादानं कारखान्यातून टेफ्लॉनच्या शीटचा एक तुकडा आणला. पिशवी सील करणाऱ्या यंत्राच्या गरम तारेवर ही शीट लावतात, म्हणजे प्लास्टिक चिकटत नाही. कॉफीच्या रंगाची, कागदासारखी पातळ, हाताला साबण लावल्यासारखी गुळगुळीत. थोडी वापरली की यंत्रावरून काढून टाकतात. त्यानं ती मशीनच्या पाटाच्या मापानं कापली, सुईसाठी मधोमध भोक पाडलं आणि चारही कडा पॅकिंगच्या टेपनं चिकटवल्या.

वहिनीनं गोधडी वर ठेवली आणि नुसतं बोट लावलं. गोधडी सरकली.

"चांगली शे!" ती म्हणाली. माहेरची बोली तिच्या तोंडी फार खूश झाल्यावरच यायची.

त्यानंतरचे काही महिने गोधडी पुढे सरकत राहिली. मशीनचा आवाज मात्र हळू झाला होता. आधी तो पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा यायचा, आता एकेक टाका मोजता आला असता. गोधडीवर फरक दिसत नव्हता. हात मंदावला तसा तिनं पायही मंद केला होता, त्यामुळे टाके पूर्वीएवढेच पडत होते. ती मन लावून करते आहे, असं घरात धरलं गेलं. शीटमुळे हाताला जोर लावावा लागत नव्हता आणि जोर उरला आहे की नाही, हे पाहायची वेळच येत नव्हती.

बॉबीन बदलायची तर शीटची डावी कड उचलावी लागायची. उचलून उचलून तिथली टेप सुटली. एका दुपारी बॉबीन संपली, वहिनीनं गोधडी उचलली, तर शीटही तिच्याबरोबर वर आली. सरकून ती गोधडीच्या खालच्या अंगाला शिवली गेली होती. एका टाक्यात नव्हे, तर दोन पूर्ण कांद्यांत.

दादा नुकताच पहिली पाळी संपवून आला होता. तो खदाखदा हसला. "कंपनीचा माल गोधडीत घातलास! आता हिला इस्त्री केली तरी चिकटणार नाही."

वहिनीही हसली. मग दादा बूट काढता काढता सहज म्हणाला, "हाताला ओढ लागली असेल ना गं? तेव्हाच थांबायचंस."

"नाही लागली."

"लागणारच. शीट अडकली की कापड हलतच नाही."

"मला नाही कळलं," ती म्हणाली.

दादा तसाच, एका पायात बूट, तिच्याजवळ गेला. त्यानं तिला डोळे मिटायला सांगितले. तिचं बोट धरून शीटवरून फिरवलं, मग लुगड्यावरून. "यातलं कापड कुठलं?"

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. त्यानं पुन्हा त्याच क्रमानं फिरवलं.

"पहिलं," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "चुकलं का?"

"नाही, बरोबर आहे," दादा म्हणाला.

तिनं डोळे उघडले तेव्हा तिचं बोट लुगड्यावर होतं आणि दादा माझ्याकडे पाहत होता.

त्यानंतर नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. मज्जातंतूंचा आजार निघाला. थांबवता येणार नाही, सावकाश वाढेल, असं सांगण्यात आलं. दादानं शीटवरचे टाके ब्लेडनं एकेक करून उसवले. त्या दोन कांद्यांच्या जागी लुगड्यावर बारीक भोकं राहिली. वहिनीला ते दोन पुन्हा काढायचे होते आणि पुढची अर्धी गोधडीही.

पहिल्या दिवशी एक वर्तुळ झालं. नंतर गोधडी शीटवरूनही हलेना. दादा सुट्टीच्या दिवशी समोर बसला. तिनं पायडल मारायचं, त्यानं कापड फिरवायचं. एक ओळ झाली. वहिनीनं ती बराच वेळ पाहिली.

"ही तुमची रेघ आहे," ती म्हणाली. "उसवा."

"अगं, लोकांना कुठे कळणार आहे?"

"आईला मी काही दिलं नाही आजवर. हे एवढं तरी माझ्या हातचं असू दे."

त्यानं उसवली. मग तिनं त्याला कात्री आणायला सांगितली आणि तिचा शेवटचा टाका जिथे होता, तिथून गोधडी कापायला लावली. न शिवलेले थर सुटे होऊन खाली पडले. कापलेल्या कडेला शिंप्याकडून पट्टी लावून घेतली. गोधडी लहान मुलाला पुरेल एवढी झाली.

आजार हातांवर थांबला नाही. शेवटच्या हिवाळ्यात ती ही गोधडी छातीवर घ्यायची आणि दादाला वरची कड गालाशी आणून ठेवायला सांगायची. "इथे कळतंय अजून," म्हणायची.

माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकतात. तेराव्यानंतर नातेवाइकांनी दादाला तसं सांगितलं. त्यानं गादी दिली, चादरी दिल्या, उशी दिली. गोधडीवर कुणी हात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "ही तिची नाही. तिच्या आईची आहे." सटाण्याहून आलेल्या, वहिनीच्या थोरल्या बहिणीनं ती उचलून त्याच्या हातात दिली.

थंडीत तो ती कमरेपासून पायांवर घेतो. पोटऱ्या उघड्या राहतात.