गल्लीतलं अकोला

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोला, मंदालाही नाही, ते आधी सांगून टाकतो. मणक्याचं ऑपरेशन झाल्यानंतरच्या त्या महिन्यांत मला बरं व्हायची घाई नव्हती. दुखत होतं, यात खोटं काही नाही. डॉक्टर म्हणाले, दबलेली नस मोकळी केली आहे, आता चाला. पण नस मोकळी झाली तरी कंबर माझं ऐकेना. थोडं बसलं की खाली जडपणा भरून यायचा, डाव्या पोटरीत मुंग्या धावायच्या, आणि खोकला आला तर देव आठवायचा. हे सगळं खरं. फक्त दुखत होतं त्याहून मी थोडं जास्त कण्हत होतो. ते वरचं कण्हणं जगात एकाच माणसाला ऐकू आलं, आणि ते माझे सासरे होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. अकोल्याच्या डेपोत त्यांनी उभी नोकरी कंडक्टर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल असाच लावायचे. आमच्या घरात तिघंचौघंच असलो तरी "चहा कोनाकोनाले?" हे त्यांचं विचारणं शेजारच्या घरातही ऐकू जायचं, आणि एकदा शेजारच्या देशमुखकाकू खरोखर "अर्धा कप" म्हणाल्या होत्या. दुसरी खूण म्हणजे अडकित्ता. सुपारी ते फारशी खात नसत, पण अडकित्ता खिशात असायचा. बोलायच्या आधी दोनदा कट् कट् वाजवायचे, तिकिटाचा पंच वाजवावा तसा. तो वाजला की आपोआप लक्ष जायचं.

माझं ऑपरेशन झालं आणि मामा अमरावतीला आमच्याकडे राहायला आले. लेकीच्या घरी मुक्काम करायचा त्यांना भारी संकोच. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी एका रात्रीच्या वर ते कधी थांबले नव्हते. या वेळी पिशवी ठेवतानाच मंदाला म्हणाले, "पाव्हना म्हनून नाही आलो मी. ड्यूटीवर आलो हाय." मग दारातच चप्पल काढून माझ्या खाटेजवळ उभे राहिले. जावई झोपलेला असताना त्याच्यासमोर खुर्चीवर बसायचं कसं, हा त्यांचा पेच. मी बसा म्हटलं तेव्हा खुर्चीच्या काठावर टेकले.

खरी अडचण पुढेच होती. मला उठवून चालवायचं होतं आणि जावयाला "उठा" म्हणणं मामांच्या रीतीत बसत नव्हतं. आमच्याकडे जावयाला आग्रह करतात, विनवतात, पण हुकूम कुणी करत नाही. पहिले काही दिवस ते नुसतं म्हणायचे, "जावईबापू, जरासक चालता काय? नाही, इच्छा असन तर." इच्छा नसायची. मी भिंतीकडे तोंड करून कण्हायचो. ते बिचारे "राहू द्या, राहू द्या" म्हणत मागे सरायचे.

एका सकाळी मात्र खोलीच्या दारातून कट् कट् असा आवाज आला. पाठोपाठ, गच्च भरलेल्या गाडीत शोभेल अशी आरोळी: "अमरावती-अकोला! बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला! चला, गाडी लागली! ओ पॅसिंजर, झोपले काय? गाडी काय तुमच्या मामाची हाय?"

मी दचकून कुशीवर वळलो. आणि कुशीवर वळून, हाताने रेटा देत उठायचं, हेच तर डॉक्टरांनी शिकवलेलं होतं. मामांनी माझा कमरेचा पट्टा बांधला, पण चेहरा मात्र अनोळखी ठेवला. मंदा स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा! जावयासंग असं बोलते काय कोनी?"

"जावई कोठी हाय अठी?" मामा म्हणाले. "हा तर पॅसिंजर हाय. पॅसिंजरले बोलाचा अधिकार हाय मले."

असा मार्ग सुरू झाला. माझी खाट म्हणजे अमरावती डेपो. स्वयंपाकघराचं दार बडनेरा, अंगणातली तुळस लोणी, फाटक मूर्तिजापूर. पुढे गल्लीतला विजेचा ट्रान्सफॉर्मर बोरगाव मंजू, आणि गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली चहाची टपरी होती, ते अकोला. सुरुवातीला गाडी बडनेऱ्यालाच संपायची. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो की मामा ओरडायचे, "दारात उभं राहू नका! मांगून लोक चढून राहिले!" मागे फक्त मांजर असायची. हसू आलं की कमरेत कळ यायची, म्हणून मी हसू नये असं ठरवायचो आणि त्यामुळे आणखी हसायचो. ऑपरेशननंतर हसून दुखलेलं ते पहिलं दुखणं.

फाटकापर्यंत पोचू लागलो तेव्हा मूर्तिजापूरला गाडी थांबू लागली. मामांनी तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून ठेवली होती. "गाडी धा मिंटं थांबन. ज्याले जे काई खाचं प्याचं असन थे खाऊन घ्या." मग इकडेतिकडे बघत खिशातून वर्तमानपत्रात बांधलेला आलुबोंडा काढायचे. मंदाने माझं तळलेलं बंद केलं होतं. "मंदीले सांगू नका," असं हळू आवाजात म्हणायचे, म्हणजे तेही तुळशीपर्यंत ऐकू जायचं. घरातून मंदा विचारायची, "काय सांगू नका, बाबा?" आम्ही दोघं तोंड भरलेलं असल्यामुळे गप्प.

वीस वर्षांत मी या माणसाशी "बरं आहे ना" आणि "बरं आहे" यापलीकडे बोललो नव्हतो. मी मुळात अबोल, आणि ते जावई म्हणून मला जपून असत. त्या खुर्चीत बसून मी पहिल्यांदा त्यांचे किस्से ऐकले. बसमध्ये बाळंत झालेली बाई, कोंबड्याचं तिकीट काढायला लावल्यावर "मंग त्याले सीट द्या" म्हणून भांडणारा म्हातारा. मी विचारलं, "मग दिली?" मामा म्हणाले, "देली ना. कोंबडा खिडकीत बसला अन् थो म्हातारा अकोल्यापावतर उभा."

त्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचा. दर तीन वर्षांनी येणारा. मागच्या दोन्ही वेळी मी ऑफिसचं कारण सांगून गेलो नव्हतो. या वेळी अकोल्याला सासूबाईंनी तांदूळ भिजत घातल्याचा फोन आला. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गल्लीतलं अकोला तर आता रोजचंच झालं. खऱ्या अकोल्याले येता काय? नाही, इच्छा असन तर." पॅसिंजरला नव्हे, जावयाला विचारलेलं होतं. थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या धोंड्याले मी असन, नसन."

डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. मधूनमधून उभे राहा, एवढंच म्हणाले. दिवस ठरला. मामांनी आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री केली.

सकाळी मी उठलो नाही. कंबर रोजच्याइतकीच दुखत होती, जास्त नाही. पण मी डोळे मिटून असा काही कण्हलो की मंदाच्या हातातली पिशवी गळाली. बसचे धक्के, खड्डे, त्यांची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. अकोला गाठलं की मी बरा झालो असं ठरणार होतं. मग ऑफिस, मग साहेब, मग घरातलं प्रत्येक काम आणि प्रत्येक प्रश्न. खाटेवरच्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि ते मला सोडवत नव्हतं.

मामांनी अकोल्याला फोन लावला. "अवो, आज गाडी ब्रेकडाऊन झाली. नाही नाही, काळजीचं काई नाही." मग इस्त्रीचा शर्ट काढून हँगरला लावला.

त्यानंतर अडकित्ता वाजेनासा झाला. मामा रागावले नाहीत. उलट फारच अदबीने वागायला लागले. "जावईबापू, पानी देऊ काय?" "जावईबापू, पंखा वाढवू काय?" मी पुन्हा नुसता जावई झालो होतो. महिना संपत आला. घर इतकं शांत झालं की देशमुखकाकूंनी येऊन विचारलं, "तुमची बस बंद पडली का हो?"

त्याच दुपारी मी कुशीवर वळलो, हाताने रेटा दिला, पट्टा स्वतःच बांधला. बडनेरा गेलं, लोणी गेलं. मूर्तिजापूरच्या खुर्चीत मामा एकटेच बसले होते, हातात अडकित्ता, तोही मिटलेला. मी फाटकाला धरून उभा राहिलो आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तेवढ्या जोराने म्हणालो, "ओ कंडक्टर! अकोल्याची गाडी सुटणार आहे की नाही?"

मामा उठले. डोळे पुसले की चष्मा, मला कळलं नाही. कट् कट्. "कावून बोंबलून राहिले? धोंड्याचे दोन दिवस बाकी हायत अजून!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खरोखरच्या लाल बसने निघालो. मामांनी मला चाकावरची सीट घेऊ दिली नाही, मधली धरून दिली. बडनेरा सुटेपर्यंत साऱ्या गाडीला माझ्या मणक्याची हकीकत समजली होती. कुणी म्हणालं गरम वाळूने शेका, कुणी एरंडेल सांगितलं. लोणीपुढे एका बाईने तर माझ्या मांडीवर आपलं नातवंड ठेवून स्वतःची कंबर कुठे दुखते ते दाखवलं. मी मधूनमधून उभा राहायचो तेव्हा आजचा तरुण कंडक्टर म्हणायचा, "काका, बसून घ्या." मामा त्याला दटावायचे, "उभं राहू दे बे! थे त्याईचं औषध हाय." मूर्तिजापूरला आम्ही उतरून आलुबोंडा खाल्ला, मंदाच्या देखत. कंबर भरून आली होती, मुंग्या येत होत्या, आणि मला फार बरं वाटत होतं.

अकोल्याला सासूबाईंनी पाट मांडला, ओवाळलं, अनारशांचं ताट पुढे ठेवलं. जेवण झाल्यावर अंगणात आम्ही दोघंच होतो. मामा सुपारी कातरत सहज म्हणाले, "पॅसिंजर कण्हते तवा कंडक्टरले समजते बरं, कोन खराच आजारी हाय अन् कोन सीटसाठी आजारी हाय."

मी विचारलं, "मग तुम्ही काय करायचे?"

"सीट देऊन टाकाचो." त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. "सीटसाठी जो आजारी पडते, थोबी थकलेलाच असते ना."

लगेच पुढचा बेत सुरू. "आता उलट्या बाजूले गाडी काढू. मोझरी. नागपूर लायनीवर ड्यूटी होती तवा रोज मोझरीचा पुकारा केला. लोकं उतरत, आश्रमाकडे जात. मी बेल देऊन पुढं. कंडक्टर सगळ्याइले उतरवते, सोता कोठी उतरते? एक डाव उतराचं हाय मले. संध्याकाळच्या प्रार्थनेले बसाचं, तुमच्या सासूबाईले घेऊन. तुमीच न्या."

मी हो म्हणालो. मग ऑफिस सुरू झालं. मोझरीची आठवण मामा अधूनमधून फोनवर काढायचे आणि मी म्हणायचो, "पाठ जरा बरी होऊ द्या, मामा." पाठ बरीच बरी होती. त्यांनी या वेळीही मला सीट देऊन टाकली.

दुसऱ्या वर्षी थंडीत ते गेले, अकोल्याच्या घरी, झोपेतच. खांदा द्यायला पुढे झालो तर लोकांनी मला मागे ओढलं, "तुमी नका उचलू, तुमची पाठ." म्हणून मी नुसता बाजूने चालत राहिलो, कुठेही न बसता. वाटेत तिथलंही कुणाचं फाटक आलं, एक ट्रान्सफॉर्मर आला, एक कडुनिंब आला. प्रत्येक ठिकाणी मी मनात पुकारा करत गेलो.

पाठ अजून दुखते. सकाळी कुशीवर वळून, रेटा देऊन उठतो आणि गल्लीतल्या अकोल्यापर्यंत जाऊन येतो. मूर्तिजापूरची खुर्ची मंदाने हलवलेली नाही. आता कण्हायचं झालं तर दुखेल तेवढंच कण्हतो.

सासूबाई अकोल्यालाच असतात. अडकित्ता त्यांच्याकडे आहे. त्यांना लाल बसने घेऊन जायचं, मोझरीला उतरायचं आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचं, हे मी मामांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.