पंखातला सांधा

सन तीस उलटून गेल्यावरची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीच्या खाडीवर मचवे बांधायचो. एका सकाळी पेट्रोल संपलेलं विमान गावाबाहेरच्या सड्यावर, उंचावरच्या सपाट माळावर, उतरलं आणि त्याचा खालचा पंख कातळाला आपटला. एकावर एक असे दोन पंख होते त्याला. वैमानिक मुंबईचा, मराठी बोलणारा. मला बोलावून म्हणाला, "लाकूडकाम आहे, मिस्त्री. कराल?"

त्याने फाटलं कापड बाजूला करून दाखवलं. "नव्या जातीच्या विमानांना पत्र्याचं अंग असतं, तिथे पत्राही भार उचलतो. हे जुन्या जातीचं. कापड फक्त वारा धरतं. फासळ्या आकार देतात. भार सगळा या दोन लांब वाशांवर."

"आणि वासा हवेत मोडला तर?"

"तर मी गेलो."

तो हसला. मला हसू आलं नाही. मचव्यात पाणी शिरलं तर उपसता येतं, पोहता येतं.

मुंबईहून बोटीने लाकूड आणि सरसाची पावडर आली. पंख सोडवून, वाशाचा मोडका भाग कापून मी तिरपा सांधा केला. सरस लावला आणि सांधा आवळून धरायचा शिकंजा सापडेना. सापडेपर्यंत एका टोकाचा सरस सुकत आला होता. मी तसाच दाबला. बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी घास उतरेना. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"मग जावन सांगा त्यांना," ती म्हणाली. "तो वरनं पडल्यावर जेवणार आहात काय?"

मी सडा चढून गेलो. तो नव्या कापडावर रोगण लावत होता.

"साहेब, तो सांधा कच्चा आहे."

त्याचा कुंचला थांबला. त्याने कापड चिरलं आणि सांध्यात पटाशी घातली. टोक अलगद सुटलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पुन्हा करा," तो म्हणाला. "आता शिकंजा मी धरतो."

सरस वाळल्यावर आम्ही पंख सुताराच्या लाकडी घोड्यांवर पालथा घातला. वारा पंखाला खालून उचलतो, म्हणून पालथ्या पंखावर वाळूची पोती रचायची. एकेक पोतं ठेवताना मी कान लावून ऐकत होतो. मध्येच करकर झाली आणि मी हातातलं पोतं तसंच धरून थांबलो. ती खालची घोडी कुरकुरली होती. पंख टिकला.

पंख परत जोडून, पेट्रोल भरून तो निघाला. विमान सड्याच्या कडेवरून समुद्राकडे खाली गेलं, दिसेनासं झालं. मी डोळे मिटले. लोक ओरडले तेव्हा उघडले. ते वर चढत होतं.

तिसऱ्या दिवशी दारात तारवाला उभा राहिला. तार म्हणजे मरणाची खबर, म्हणून बायको आधीच रडायला लागली. त्यानेच मराठीत वाचून दाखवलं, "सुखरूप पोचलो. सांधा ठीक."

मी ओट्यावर बसलो. त्याला पुन्हा वाचायला लावलं.